वसीयत लिहिणारा

निजामाच्या काळात सेनगावच्या कचेरीबाहेर बसून तो लोकांच्या वसीयती लिहायचा. कुणी आजारी पडलं की न बोलावता दारात हजर, आणि तब्येत विचारायच्या आधीच शाईची डबी बाहेर. दर वाक्यामागं "बराबर?" विचारायचा, पण उत्तरासाठी कधी थांबायचा नाही.

आमच्या बाबांची वसीयत त्यानं उर्दूत लिहिली. घरात उर्दू कुणालाच येत नव्हती. त्यानं ती मराठीत वाचून दाखवली, "विहीर दोघा भावांची. बराबर?"

मी म्हणालो, "पुन्हा वाचा."

"काहून? भरोसा न्हाई व्हय?"

तेच शब्द त्यानं पुन्हा म्हटले. या वेळी त्याची नजर कागदावर नव्हती, माझ्या थोरल्या भावावर होती. तोवर बाबांचा अंगठा उमटला होता.