अजदह्याच्या गळ्यातली चावी

लातुरातल्या आमच्या गल्लीत बोअर एकच, आणि मोटारीच्या पेटीची चावी एका निवृत्त तलाठ्याकडं. आधी त्याची टाकी, मग त्याची झाडं, मग काल धुतलेली गाडी आज पुन्हा धुणं, आणि उरलं तर आम्ही.

शेजारी एक म्हातारे उर्दूचे मास्तर राहतात. ते सांगायचे, "इराणच्या जुन्या गोष्टींत अजदहा असतो, ताई. डोंगराएवढा साप. आग ओकतो, ती माफ. पण पाणी अडवून बसतो, हा त्याचा खरा गुन्हा. मग एक मर्द येतो, त्याला मारतो, पाणी सुटतं. लोक त्या मर्दालाच तख्तावर बसवतात."

म्हटलं, मर्द येईपर्यंत माझी भांडी कोरडीच राहायची! गल्ली गोळा केली आणि तलाठ्याला भर चौकात असा झापला, की त्यानं चावी माझ्या पायाशी फेकली. बायकांनी ती दोऱ्यात ओवून माझ्याच गळ्यात घातली.

दुसऱ्या दिवशी मी मोटार चालू केली. आधी माझी टाकी भरली. भांडलं कोण होतं? मग कुंड्यांना पाणी घातलं. मग पाईप धरून अंगण धूत होते, तेवढ्यात मास्तर रिकामी घागर घेऊन फाटकाशी आले.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मास्तरसाब, त्या गोष्टीत पुढं काय होतं?"

माझ्या हातातल्या वळवळत्या पाईपकडं बघत त्यांनी घागर खाली ठेवली.

"पुढं काय ताई, लोक पुन्हा मर्द हुडकून राहिलेत."