इनायतुल्लाच्या ड्रमाचं झाकण

अकोल्यातल्या जिनिंग गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या, तेव्हा इनायतुल्ला फिटर युगांडाला गेला. इथला कापूस कोणी विचारीना, म्हणून दुसऱ्यांचा कापूस सरकीपासून सोडवायला. त्या काळात आम्ही याला प्रगती म्हणत होतो.

जाण्याआधी कंपनीने त्याला मुंबईला नेऊन पिवळ्या तापाची लस टोचवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही लस फक्त पिवळ्या तापाची. तो पसरवणारा डास दिवसा चावतो, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. दुसरेही ताप आणतो. जपायचं ते जपायचंच." इनायतुल्लाने मान हलवली. त्याचं लक्ष हातातल्या पिवळ्या कार्डाकडे होतं. शिक्क्याची शाई वाळावी म्हणून तो फुंकर घालत होता.

तिकडे मात्र तो जपला. भर उन्हात पूर्ण बाह्यांचा सदरा, मानेला मलम. छावणीतल्या पाण्याच्या प्रत्येक ड्रमासाठी त्याने पत्र्याचं झाकण कापलं, असं नेमकं की मुंगी शिरू नये. साहेबाने झाकणांचे फोटो काढले.

हंगाम संपवून तो परतला. विमानतळावर कार्ड पाहून त्याला सोडलं, आणि तिथेच त्याचं डोकं फिरलं: कार्ड आहे म्हणजे कोणताच ताप नाही. घरी कार्ड काचेत मढवून खिळ्याला टांगलं गेलं. गल्ली बघायला आली.

"आफ्रिकेच्या मच्छरानं माहं काई केलं नाही," तो सांगायचा. "हा तं आपल्याच गल्लीतला."

गल्लीत नळ आठवड्यातून एकदा यायचा. डास होतात म्हणून पाणी ओतून द्या म्हणणं म्हणजे आईवरून शिवी देणं. इनायतुल्ला भरदुपारी उघड्या अंगाने भरलेल्या ड्रमाशेजारी खाट टाकायचा. ड्रमात अळ्या सुखाने नांदत. त्याची बायको रजियाबी पाणी गाळता गाळता म्हणायची, "उधर के ड्रम पे ढक्कन, इधर के ड्रम पे वादा."

"कल काटता ना."

त्याच वर्षी वऱ्हाडात चिकुनगुन्या आला. वॉर्डातल्या एका पुढाऱ्याने धुराचं यंत्र फिरवलं. माणसं खोकली, डास घरात गेले, पुढाऱ्याचा फोटो छापून आला. इनायतुल्लालाही तो झाला; ताप उतरला, पण बोटांचे सांधे सुजलेलेच राहिले. पुढच्या हंगामासाठी कंपनीचा माणूस घरी आला. त्याने पारखायला पाना पुढे केला. इनायतुल्लाच्या हातातून तो फरशीवर पडला.

कंपनीने बडनेऱ्याचा सूर्यभान फिटर निवडला. इनायतुल्ला त्याला वर्षानुवर्षं बोल्टमोड्या म्हणत आला होता. मुंबईहून लस घेऊन सूर्यभान थेट त्याच्याकडे आला. खिशातलं नवंकोरं कार्ड त्याने समोर धरलं.

"पाय, इनायतभाई. आता आपल्याले मच्छराचं भेव नाही."

"कावून?"

"सुई घेतली न!"

इनायतुल्लाने मूठ वळायला घेतली. वळली नाही.

"सूर्यभान, तो कोपऱ्यातला पत्रा घे. कात्री घे. काप."

"काय?"

"झाकण. मी सांगतो तसं."

सूर्यभानने उकिडवं बसून पत्रा कापला. इनायतुल्ला खाटेवरून बोलत राहिला. "तिरपं कापून राहिला तू, बोल्टमोड्या. तिकडं असं कापशील तं ताप घेऊन येशील. बाह्या खाली कर पैले."

सूर्यभानने बाह्या खाली केल्या.

रजियाबीने झाकण ड्रमावर ठेवलं. एका बाजूला फट राहिली, तिथे तिने जुनी ओढणी घट्ट बांधली. मग स्टुलावर चढून भिंतीवरचं कार्ड उतरवलं आणि त्या खिळ्याला नवऱ्याच्या खाटेवरच्या मच्छरदाणीची दोरी बांधली.