सोनाराचा हातगुण

मी आयुष्यभर प्रयोगशाळेत जीनवर, म्हणजे आनुवंशिकतेवर काम केलं. त्यासाठी शाल-नारळ घेतले, भाषणं ठोकली. प्रत्येक सभेत कुणीतरी विचारायचंच, "बाई, या विषयाकडे कशा वळलात?" मी डोंबलाचं काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. खरं उत्तर सांगायला एवढं वय व्हावं लागलं.

आमचं गाव मावळात, आंबीच्या पुढे. भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान. त्याच्या बारशाच्या दिवशी आळीतला सोनार कान टोचायला आला. त्यानं सबंध गावाचे कान टोचलेले, माझेसुद्धा. सोन्याची तार कानातून गेली आणि रक्त थांबेचना. हळद दाबून झाली, चुना लावून झाला. दोन दिवस आई फडकं धरून बसली होती. पोर वाचलं, पण आईनं ठरवून टाकलं. "मेल्याचा हातगुणच वंगाळ!"

पुढे भाऊ जरा आपटला की गुडघा टम्म सुजायचा. दात पडला की उशी लाल. दर वेळी आईच्या शिव्या सोनाराला, त्याही त्याच्या ओट्यापर्यंत ऐकू जातील अशा. हळूहळू गावातल्या बायका पोरांचे कान टोचायला वडगावला जायला लागल्या.

मी घोरावाडी स्टेशनवरून गाडीनं पुण्याला कॉलेजात जायची. एम.एस्सी.ला असताना एक दिवस तो आजार वर्गात फळ्यावर आला. रक्त गोठत नाही असा. आई स्वतः धडधाकट असते, पण तिच्याकडून तो मुलाला येतो. माझा एक मामा लहानपणी नाकातून रक्त वाहून गेलेला, हे मला ठाऊक होतं. त्या तासाला मी पुढं काही लिहून घेतलंच नाही.

संध्याकाळी घरी आले तर आई भावाचा गुडघा शेकत होती. "शेकू नकोस, गार पाण्याची पट्टी ठेव," एवढंच म्हणाले. बाकीचं ओठावर आलं होतं, पण तिचा चेहरा बघितला आणि तोंडात मिठाची गुळणी धरली. वाटलं, तिनं स्वतःला शिव्या देण्यापेक्षा सोनाराला दिलेल्या बऱ्या.

दोन वर्षांनी भाऊ घोरावाडीच्या फलाटावर घसरला. डोक्याला मार लागला. पुण्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. पंधरा वर्षांचा होता हो!

सुतकात सोनार भेटायला आला. आईनं त्याला उंबऱ्यातूनच हाकललं. "आता काय बगाया आलास? टोचलंस तवाच मारलंस त्याला!" तो खाली मान घालून पायरीवर चपला शोधत राहिला. मी आईच्या मागे उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

मग मला एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. सत्तरच्या दशकात बातमी आली की एका जिवाचा जीन कापून दुसऱ्यात बसवता येतो. आम्ही सगळे नुसते हरखून गेलो. मी सुट्टीला गावी आले ती त्याच धुंदीत. आई सूप घेऊन तांदूळ निवडत होती.

"आई, उद्या असल्या पोरांच्या अंगात चांगला जीन बसवतील बघ. रक्त आपोआप थांबेल."

"चांगला बसिवत्याल, व्हय. मग नासका कुटनं येतो?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. "आईकडून," मी म्हणाले.

तिचे हात सुपातच राहिले. तिनं विचारलं, "माज्या भावाचं बी असंच?"

"हो."

"म्हंजी सोनाराचं त्यात काय न्हाई."

"काही नाही, आई."

मला वाटलं, आता रडेल. ती उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "चल."

सोनार ओट्यावर बसला होता. आता म्हातारा झालेला, डोळे अधू. आई खाली पायरीवरच बसली. "भावजी, खोट तुमच्या हातात नव्हती. माज्या रगतात हुती. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली म्या."

तो आपले हात उलटेसुलटे करून बघत राहिला. "वैनी, मला बी वाटायचं, खोट माज्याच हातात हाय. नातवांचं कान बी म्या न्हाई टोचलं. वडगावला धाडलं त्यास्नी." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पोरी, तू शिकल्याली. तुला कवा कळलं ह्ये?"

परवाच, म्हणता आलं असतं. पण त्या हातांकडे बघून खोटं बोलवेना.

"बारा वर्षं झाली, आबा."

 आईनं वळून माझ्याकडे पाहिलं. तिचा हिशोब लागायला वेळ लागला नाही.

"ह्यास्नी दारातनं हाकाललं," ती म्हणाली, "तवा तू माज्या मागंच उबी हुतीस."