रजा कोणाला विचारून घेता?

मी शिक्षण संस्थेच्या कार्यालयात तीन महिन्यांच्या चाचणीवर लागले होते. काम एवढेच, की संगणक चालू ठेवायचे. शनिवारी तीन महिने पूर्ण होणार होते, आणि त्याच आठवड्याच्या सोमवारी सगळ्यांचा ईमेल बंद पडला.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. बाबा जंगलात बांबूच्या कामावर जातात. दरेकसाहून पॅसेंजरने मी रोज गोंदियाला यायचे आणि संध्याकाळी घरात पाय ठेवताच आई विचारायची, "पक्की झाली का?" मी म्हणायचे, "अजून नाही." हे तीन महिने रोज चालले होते.

तोपर्यंत प्रत्येकजण आपापल्या संगणकापुरत्या नावाने काम करत असे. रविवारी नागपूरच्या एका कंपनीने नवी व्यवस्था बसवली आणि सगळ्या संगणकांवर मेलचा नवा प्रोग्राम टाकला. सगळ्या कर्मचाऱ्यांची एकच यादी सर्व्हरवर, आणि त्या यादीतल्या नावाने कुठल्याही संगणकावर बसता येईल अशी सोय. यादीसाठी प्रत्येकाने आधीच एक फॉर्म स्वतः भरला होता. सोमवारी सगळे नव्या नावाने बसले आणि दहाच मिनिटांत ओरडा सुरू झाला.

"मॅडम, माझा मेल उघडते अन् लगेच बंद होते."

"माझाही! नवा आहे म्हणे. जुनाच बरा होता."

फोनवर कंपनीचा माणूस म्हणाला, प्रोग्राम काढून पुन्हा टाका. मी अकरा संगणकांवर तो काढला आणि पुन्हा टाकला. मंगळवार त्यातच गेला. फरक शून्य. बुधवारी साहेबांनी मला बोलावले. ते संस्थेचे संचालक, स्वभावाने मऊ, पण त्या दिवशी चेहरा ओढलेला.

"बेटा, परीक्षेचे अर्ज अडकून राहिले आहेत. ती कंपनी म्हणते, सगळी देखभाल आम्हालाच द्या. शनिवारपर्यंत मेल नाही चालला तर मले द्यावीच लागेल."

बाहेर आले तर माझ्या टेबलाशी बडे बाबू उभे. ते मुख्य लिपिक. निवृत्तीचे वय उलटून गेले तरी संस्थेने त्यांना सोडले नव्हते, आणि त्यांनीही संस्थेला. माझ्या पडद्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "तुझा तर चालून राहिला! आमचाच काऊन मरते?"

"मी यादीत नाही ना, बाबूजी. चाचणीवरच्यांची नावे यादीत घेत नाहीत. प्रोग्राम तोच, पण मी अजून जुन्याच नावाने बसते."

"म्हणजे ज्याचं यादीत नाव नाही त्याचंच बरं चाललं! आमचीही नावं काढून टाक, पोरी."

सगळे हसले. मला ते लागले. पण पॅसेंजरमध्ये बसल्यावर तेच वाक्य डोक्यात फिरत राहिले. यादीत नाव नाही, म्हणून चालते. मग दोष प्रोग्राममध्ये नाही. कर्मचाऱ्यांबद्दल यादीत जे लिहिले आहे, त्यात कुठेतरी आहे.

गावच्या शाळेत आम्हाला विज्ञानाचे एक गुरुजी होते. प्रयोगशाळा नव्हती. ते बंद पडलेली टॉर्च घेऊन वर्गात यायचे आणि ती आमच्याकडूनच दुरुस्त करून घ्यायचे. आधी सेल बदला. नाही लागली? सेल राहू द्या, आता बल्ब बदला. "दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कोणती बिघडली होती हे जन्मात कळणार नाही," असे ते म्हणत. कॉलेजात मी पुष्कळ शिकले, पण त्या गुरुवारी उपयोगी पडली ती टॉर्च.

मी सर्व्हरवर एक खोटा कर्मचारी तयार केला. नुसते नाव. त्या नावाने बसले, मेल उघडला आणि उघडाच राहिला. फोन नंबर भरला. चालला. विभाग भरला. चालला. शेवटचा रकाना होता : रजा कोणाला विचारून घेता? तिथे एका लिपिक ताईंचे नाव टाकले आणि मेल बंद पडला. ताईंच्या जागी ग्रंथपालांचे नाव टाकले. पुन्हा बंद.

मी एक पाठकोरा कागद घेतला. फॉर्ममधून पाहून प्रत्येकाचे नाव लिहिले आणि तो ज्याला रजा मागतो त्याच्याकडे बाण काढला. ताईंचा बाण बडे बाबूंकडे. ग्रंथपालांचाही बडे बाबूंकडे. बडे बाबूंचा साहेबांकडे. आणि साहेबांचा?

साहेबांचा बाण परत बडे बाबूंकडे.

नव्या मेलमध्ये बाजूला एक पट्टी दिसायची : तुमच्यावर कोण, त्याच्यावर कोण, अगदी टोकापर्यंत. वर कोणीच नाही असा माणूस मिळेपर्यंत प्रोग्राम चढत राहायचा. आमच्या संस्थेत तो बाबूंवरून साहेबांवर, साहेबांवरून बाबूंवर चढत बसला होता, आणि दम संपला की बंद पडत होता. खात्रीसाठी मी दोन खोटे कर्मचारी एकमेकांकडे बाण करून बसवले. बंद! एकाचा बाण पुसला. चालू! मी खुर्चीत एकटीच हसले.

शुक्रवारी सकाळी कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. बडे बाबू समोरच बसलेले.

"साहेब, दोष सापडला. तुमच्या फॉर्ममध्ये आहे."

साहेबांनी बाण पाहिले. त्यांचे कान लाल झाले. बाबूंनी कागद ओढून घेतला.

"मले कायले टाकलं रे तुझ्या वरती?" संचालकांना 'रे' म्हणणारे ते एकटेच. साहेब त्यांच्याच हाताखाली कारकून म्हणून लागले होते.

"तो रकाना रिकामा ठेवून फॉर्म पुढेच जात नव्हता, बाबूजी. मंग तुमचं नाव लिहिलं." साहेब हळूच म्हणाले, "तुम्हाला विचारल्याशिवाय मी गावाबाहेर जातो का कधी?"

खरेच होते. दौऱ्यावर निघताना साहेब बाबूंच्या टेबलाशी थांबून "निघू का?" म्हणायचे, आणि बाबू मान वर न करता "जा, पण लवकर ये" म्हणायचे. हे मी तीन महिने रोजचे म्हणून पाहत आले होते.

बाबू बाणांवरून बोट फिरवत एकदा वर गेले, एकदा खाली आले. मग म्हणाले, "मशीनले हे नाही समजत. काढ माझं नाव."

"साहेब, कोणताही एक बाण पुसला तरी चालेल," मी म्हटले. "सर्व्हरवरून तो रकाना मला रिकामा करता येतो. तुमचा पुसू, की बाबूजींचा?"

साहेबांनी क्षणभरही विचार केला नाही. "बाबूजींचा पूस. त्यांच्यावर कोणी नको."

"अन् माझी रजा कोण देईल?"

"तुम्ही घेतली आहे का कधी?"

मी तिथल्याच संगणकावरून तो बाण पुसला. साहेबांनी आपल्या नावाने मेल उघडला. आम्ही तिघे दहा सेकंद पाहत राहिलो, मग वीस. उघडाच! बाहेरून ताईंचा आवाज आला, "अरे, चालला, चालला!" दुपारपर्यंत परीक्षेचे सगळे अर्ज गेले.

शनिवारी साहेबांनी नेमणुकीचे पत्र दिले आणि म्हणाले, "आता यादीत नाव टाकून घे." मी स्वतःचा फॉर्म भरला. शेवटच्या रकान्यात बडे बाबू लिहिले आणि माझ्या नव्या नावाने मेल उघडला. बाजूच्या पट्टीत खाली मी होते, वर बडे बाबू, आणि त्यांच्यावर कोणी नव्हते.

मी उठून त्यांच्या टेबलाशी गेले. "बाबूजी, आज जरा आधीची गाडी धरू का? आईला सांगायचं आहे."

त्यांनी मान वर केली नाही. "जा," म्हणाले. "सोमवारी वेळेवर ये."