उके सरांची डावी सीट

उके सर गाडी चालवताना रस्ता सांगायचे. कुणी वाट विचारली म्हणून नव्हे, आपले आपणच. "आता तलाव आला. पानी चांगलं भरलं. पल्याड धानाचा रोवना लागला, बाया चिखलात उतरल्या." कारध्याहून करडीच्या शाळेत मी त्यांच्याच गाडीत जायची, मागच्या सीटवर बसून. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हे गृहस्थ मला आंधळी समजतात की काय! शेवटी मी ठणकावलंच, "सर, मला दिसतं." "हो ना मॅडम, पन तोंडाले सवय पडली नं," ते म्हणाले, आणि पुढच्या वळणावर पुन्हा सुरू.

या सवयीचं मूळ त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीच्या डाव्या सीटमध्ये होतं. त्या सीटचा खटका मोडला होता. पाठ एकदा मागे पडली ती उभी राहायलाच तयार नाही. त्याच वर्षी काकूंच्या, म्हणजे सरांच्या पत्नीच्या, मणक्याचं ऑपरेशन झालं. दर महिन्याला नागपूरच्या दवाखान्यात न्यायचं, तेही आडवं. रुग्णवाहिका काकूंनी एकदाच अनुभवली आणि हात जोडले. "मेल्यावानी वाटते त्याच्यात," म्हणाल्या. मग ही मोडकी सीट कामी आली. काकू पुढे, सरांच्या शेजारी, आडव्या. खालचं काही दिसत नाही, म्हणून सर सांगणार. शाळेत आम्ही चिडवायचो, "सर, ही सीट आहे की खाट?" सर म्हणायचे, "मोडलं म्हून कामातून गेलं, असं नसते."

सरांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्या रस्त्यानं बसनं जाताना मला अजूनही चुकल्याचुकल्यासारखं होतं.

नागपूरला मी दोन-तीनदा सोबत गेले होते. पूल ओलांडून भंडारा मागे पडलं की काकू विचारायच्या, "चिंचा आल्या का जी?" त्यांचं माहेर तिथलंच. लहानपणी रस्त्याकडेच्या चिंचा त्यांनी गोटे मारून पाडलेल्या. काकूंच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर रस्ता रुंद करताना ती झाडं तोडली होती, खोडंसुद्धा उरली नव्हती. आणि सर बिनदिक्कत म्हणाले, "आल्या ना. लदबदल्या हायेत औंदा." मी मागे थक्क! नंतर त्यांना एकटं गाठून विचारलं. "तिची पाठ दुखते, अजून जीव कायले दुखवू?" म्हणाले. पण एक खोटं बोललं की त्याची निगा राखावी लागते. चैत्रात त्या चिंचांना कोवळी पालवी फुटायची, पुढे फुलोरा यायचा. एकदा तर सरांनी वरती माकडंही बसवली.

अशी दोन वर्षं गेली. डॉक्टर म्हणत होते, आता बसून बघा. पण काकूंनी भीतीच धरली होती, आणि सरही कधी आग्रह करत नव्हते.

मग एकदा सरांनी गाडी वरठीच्या गॅरेजात ऑइल बदलायला टाकली. गॅरेजवाला इस्माईल त्यांचा जुना विद्यार्थी. संध्याकाळी गाडी आणून दिली आणि अभिमानानं म्हणाला, "सर, तुमची सीट बी करून टाकली. पार्ट मिळत नाही आता, म्हून उभी करून वेल्डिंगच मारली. अब जिंदगीभर नहीं गिरेगी."

त्याला काय बोलणार? त्यानं मायेनं केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच नागपूरला जायचं होतं. सर लगोलग शेजारून माझ्या दारात आले, चेहरा पार उतरलेला. म्हणाले, "मॅडम, तारीख पुढं ढकलू का? बसल्यावर तिले सारं दिसन नं. म्हनन, दोन वर्षं मले फसवलं." तेवढ्यात त्यांच्या अंगणातून काकूंचा आवाज आला, "काही ढकलू नका. मी बसून येतो."

सकाळी मी मागे बसले, काकूंचे खांदे धरून. पुलावर त्यांनी नदी पाहिली. कितीतरी वेळ नुसतं पाहत होत्या. भंडारा गेलं. आज सर रस्ता सांगत नव्हते. ती जागा आली. उघडी, भगभगीत. काकूंनी एकवार दोन्हीकडं पाहिलं.

"चिंचा नाहीत, शांता," सर कसंबसं म्हणाले. "तोडल्या."

"मले मालूम हाय."

"कोन सांगितलं?"

"कोन कायले सांगन? झोपल्या मानसाले वरचंच दिसते जी. पहिले खिडकीवर फांद्या यायच्या, सावली यायची तोंडावर. मंग नुसतं आभाळ. ज्या दिवशी तुमी लदबदल्या म्हनले, त्याच दिवशी समजलं."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी एवढं मन लावून सांगून राहिले होते."

सरांनी गाडी कडेला घेतली, चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. मी खिडकीबाहेर बघत बसले. माझेही डोळे भरून आले होते. गाडी निघाली.

"थांबले काहून?" काकू म्हणाल्या. "सांगा ना."

सरांनी घसा खाकरला. "डाव्या हाताले पेट्रोलपंप आला. बाजूले टायरवाला हाय."

"दिसून राहिला," काकू म्हणाल्या. "तरी सांगा."