विहारातला शेंदूर

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी विहाराचं दार ढकललं आणि मी जागच्या जागी थिजलो. आदल्या दिवशी आणून ठेवलेली पांढरीशुभ्र बुद्धमूर्ती कपाळापासून पायापर्यंत शेंदरी झाली होती.

मराठवाड्यातून टोमॅटोच्या तोडणीला आलेली आम्ही काही घरं राजुरी गावातच राहिलो. पत्र्याचा का होईना, आपला विहार हवा, असा आईचा ध्यास होता. पायाच्या विटा तिनं डोक्यावरून वाहिल्या. हे गावातल्या कुणीतरी मुद्दाम केलंय, असंच मी धरून चाललो. डोकं आधीच तापट. फोटो काढला, "बघा, गावानं आपल्या बुद्धाचं काय केलं" असं लिहिलं आणि तालुकाभरच्या आमच्या माणसांना पाठवून मोकळा झालो.

मागोमाग आई आली आणि मूर्ती बघून मटकन खालीच बसली. तेवढ्यात शेजारची म्हातारी नैवेद्याचं ताट घेऊन आली. आई वर्षानुवर्षं तिच्याच शेतात राबत होती. विहाराला जागाही तिनंच दिली होती.

"मीच लावला गं पहाटं," ती कौतुकानं म्हणाली. "आज देव बसायचा, त्याला कोरडा कसा ठिवायचा? लई गोजिरा दिसतोय, न्हाई?"

माझा हात खिशातल्या फोनकडं गेला.

"आक्का, आमच्यात न्हाई लावत," आई हळूच म्हणाली.

म्हातारीचा चेहरा उतरला. "चुकलं का गं माझं?"

दोघी तेलाच्या बोळ्यांनी मूर्ती पुसायला लागल्या. मी घाईघाईनं फोटो काढून टाकला, पण उशीर झाला होता. दारात मोटरसायकली थांबल्या आणि आमचेच दहा-बारा जण आत घुसले.

"कुणी केलं हे?"

म्हातारी पुढं व्हायला लागली. आईनं तिच्या हातातला शेंदरी बोळा काढून घेतला.

"म्या लावला," आई म्हणाली. "चुकले."

आयुष्यात जिनं घरात शेंदराची पुडी येऊ दिली नाही, ती माझी आई! लोक तिला नको नको ते बोलले. ती मान खाली घालून ऐकत राहिली. आणि फोटो पाठवणारा मी गप्प उभा होतो. त्याची लाज अजून जात नाही.

दुपारी भंतेजी आले. सगळे हात जोडून पंचशील म्हणायला लागले. मी आईच्या शेजारीच बसलो होतो. खोटं बोलणार नाही, या चौथ्या शीलाला तिचा आवाज थांबला. पाचव्याला पुन्हा सुरू झाला.