रिकाम्या गाडीची थरथर

काटा साठच्या जवळ गेला की गाडी थरथरायची. आधी पायाखाली, मग सीटमध्ये, मग स्टेअरिंगमधनं थेट कोपरापर्यंत. पन्नासला काही नाही, सत्तरच्या पुढं परत जरा शांत. पण मधल्या पट्ट्यात अशी गुरगुर की आरशात मागचा रस्ता दोन-दोन दिसायचा. आणि आमच्या निमोण्याहून न्हावऱ्यावरनं चौफुला, तिथनं यवत, हा सगळा रस्ता त्या मधल्या पट्ट्यातलाच. पन्नासनं जावं तर उशीर होतोय, सत्तरनं जावं तर मागं अंडी.

हो, अंडी. गावातल्या एका पोल्ट्रीवाल्याची अंडी यवतच्या दुकानांना आणि हायवेवरच्या ढाब्यांना पोचवायचं काम मी करत होते, अजून करते. पिकअप सासऱ्यांच्या नावावर. आधी ती नवरा चालवायचा. त्याच्या कमरेतली गादी सरकली आणि डॉक्टरांनी ड्रायव्हिंग बंद म्हणून सांगितलं. मग तो सणसवाडीच्या एका कंपनीत स्टोअरच्या बैठ्या कामाला लागला. तिथंच खोली घेतली, दर गुरुवारी सुट्टीला घरी. गाडी दारात उभी राहिली. मी माहेरी ट्रॅक्टर चालवलेली बाई. म्हणलं, मी चालवते. रीतसर लायसन काढलं आणि चालवायला लागले.

सासऱ्यांना मी आबा म्हणते. आबांनी होकार दिला, पण कसा? "बघू वरीसभर. न्हाई जमलं तर दौंडकडचा एक जण इचारतोय, त्याला देऊन टाकू." म्हणजे पहिल्या दिवसापासनं गाडीचं गिऱ्हाईक ठरलेलं. अंडी फुटली की पोल्ट्रीवाला काम काढून घेणार, काम गेलं की आबा गाडी विकणार. मग मला काय राहिलं? चूल, गुरं आणि खुरपं. त्यात कमीपणा नाही, ते मी आजही करते. पण सकाळी एकटीनं चावी फिरवून गावाबाहेर पडायचं, ढाब्यावाल्यानं "ताई, आज दोन ट्रे जास्त ठेवा" म्हणायचं, याची मला गोडी लागली होती. ती सोडायची माझी तयारी नव्हती.

थरथर सुरू झाली आणि गावाला विषयच मिळाला. आबा पारावर बसून सांगायचे, "बाईच्या हातात गेली आन् गाडीला कापरं भरलं." दुसरा म्हणायचा, क्लचवर पाय ठेवून बसत असंल. तिसरा म्हणायचा, गिअरवरचा हात काढत नसंल. ज्यांनी जन्मात सायकलपलीकडं काही चालवलं नाही ते पण मला क्लच शिकवायला लागले. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि वाईट याचं वाटतं की सुरुवातीला मला पण ते खरं वाटलं. मी चपला काढून अनवाणी गाडी चालवायला लागले, आपला पाय नकळत कुठं टेकतोय का ते कळावं म्हणून. पाय जागच्या जागी होता. थरथर पण जागच्या जागी होती.

मग मी हट्टालाच पेटले. शिरूरला चाकांचं बॅलन्सिंग केलं. टायर मागचे पुढं घातले. फरक शून्य. गॅरेजवाल्यानं गाडीखाली डोकावून सांगितलं, शाफ्ट गेलाय. शाफ्ट म्हणजे इंजिनाकडची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा तो लांब दांडा, गाडीच्या पोटाखालनं फिरत जाणारा. हे तो मला नव्हता सांगत बरं का. गाडी आणली मी, समोर उभी मी, आणि हा फोन लावून आबांना सांगतोय! मी फोन त्याच्या हातातनं घेतला आणि म्हणलं, गाडी मी चालवते, मला सांगा.

माझी भिशी लागली होती. त्यात मी जरा जाड नळीचा, मशीनवर बॅलन्स करून आलेला नवा शाफ्ट बसवून घेतला. त्याच्या जॉईंटचे क्रॉस, म्हणजे ज्यावर तो सांधा वळतो ते अधिक चिन्हासारखे तुकडे, ते पण नवे. परत येताना जीव मुठीत धरून काटा साठला नेला. थरथर कमी झाली होती. पण गेली नव्हती. अर्धी होती, आणि अर्धी म्हणजे ट्रेमधली अंडी फुटायला भरपूर.

आबा ओट्यावरच होते. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं. म्हणाले, "शाफ्ट बदलला ना? आता ड्रायव्हर बदला."

शेजारचे हसले. मी घरात जाऊन भाकरी थापायला बसले. त्या दिवशीच्या भाकरी सगळ्या जाड झाल्या.

गुरुवारी नवरा आला. मी त्याला शेजारी बसवून न्हावऱ्याच्या रस्त्याला नेलं. म्हणलं, तू बारा वर्षं चालवलीस, तू सांग. साठला गुरगुर सुरू झाली तसा तो कंबर धरून पुढं वाकला. बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "माझ्या हातात असताना न्हवती गं अशी." त्याचा स्वभाव खोटं बोलायचा नाही, म्हणून ते जास्त लागलं. पोल्ट्रीवाल्यानं तवर सांगून टाकलं होतं, हा आठवडा बघतो, सोमवारपासनं दुसरी गाडी लावतो.

त्याच आठवड्यात यवतहून रिकामी परतत होते. आमच्या गावच्या एकानं फोन केला, चौफुल्यावरनं माझी पेंडीची पोती घेऊन येतेस का. म्हणलं आणते. दुकानदारानं गाडी शिगोशीग भरली, वर दोरी आवळली. मी निघाले. डोक्यात अंड्यांचा हिशोब नव्हता म्हणून पाय जरा मोकळा पडला. काटा साठला गेला. मी दात आवळले. काही नाही. पासष्ट. काही नाही! मला वाटलं काटाच बिघडला. न्हावऱ्यात गाडी बाजूला घेतली, खाली उतरून चहूबाजूंनी बघितली, परत बसले, परत साठला नेली. गाडी गप. अगदी शहाण्यासारखी गप.

निमोण्यात पोती उतरवली. घरी न जाता गाडी तशीच मागं वळवली आणि रिकामी घेऊन रस्त्याला लागले. साठ, आणि गुरगुर हजर.

मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि एकटीच हसत सुटले. हात माझेच, पाय माझेच, क्लच तोच. मग भरल्या गाडीत माझे पाय एकदम सुधारले काय? एक मोटरसायकलवाला वळून वळून बघत गेला. बघ म्हणलं बाबा, खुशाल बघ.

दुसऱ्या दिवशी अंडी पोचवून मी शिरूरच्या वाटेलाच गेले नाही. यवतला हायवेच्या मागं एक म्हातारे मिस्त्री आहेत. तीन पिढ्या त्यांचं घर तिथंच, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांना सांगितलं, "चाचा, रिकामी आसली की थरथरती. भरली की गप बसती."

चाचांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. सरळ मागच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि पाटे मोजले. पाटे म्हणजे गाडीचं वजन झेलणाऱ्या त्या वाकलेल्या लोखंडी पट्ट्या, एकावर एक बसवलेल्या.

"ताई, दोन्ही बाजूंला दोन-दोन पाटे जादाचे हायेत. कुणी टाकले?"

कुणी टाकले ते सगळ्या निमोण्याला ठाऊक होतं. गाडी घेतली त्या वर्षी आबांनी टाकून घेतले होते, कांद्याची पोती जास्त बसावीत म्हणून. लग्नाकार्यात कुणी भेटलं की आबा सांगायचे, कंपनीची गाडी मी निम्म्यानं ताकदवान केली. ते सगळं मी चाचांना सांगितलं.

चाचांनी मला गाडीखाली वाकायला लावलं आणि बोटानं दाखवलं. जादा पाट्यांनी गाडीचं मागचं अंग वर उचललेलं. त्यामुळं शाफ्ट तिरका झालेला, आणि त्याच्या जॉईंटला प्रत्येक फेऱ्याला वाकून फिरावं लागत होतं. "कांदं भरलं की मागचं अंग खाली बसतं, शाफ्ट सरळ व्हतो. तुमच्या अंड्याला वजन किती? गाडीच्या लेखी ती रिकामीच. शाफ्टाला मधी धरणाऱ्या बेअरिंगचं रबर बी चेपून गेलंय. शाफ्ट तुम्ही झकास घातलाय, पण वाकड्या जागी बसवलाय."

म्हणजे नवरा खरं बोलला होता. त्याच्या वेळी जाताना कांदा, येताना खत नाहीतर पेंड; रिकामी गाडी त्यानं कधी पळवलीच नव्हती.

"पाटे काढले की?"

"काढले की झालं. कांदा मग बेतानं भरायचा. पण आबांना इचारा आधी. पाटे त्यांचे हायेत."

मी फोन लावला. सगळं सांगितलं, एका दमात. आबा म्हणाले, "पाट्याला हात लावायचा न्हाई." आणि फोन ठेवला.

मी खोटं सांगत नाही, मला भीती वाटली. गाडी त्यांच्या नावावर, घर त्यांचं, शब्द त्यांचा. लग्न होऊन आल्यापासनं मी त्यांचा शब्द कधी मोडला नव्हता. कुरकुर केली असंल, भांडी आपटली असतील, पण मोडला नव्हता. पण हा शब्द पाळला तर सोमवारी अंड्यांना दुसरी गाडी लागणार होती आणि सगळा गाव म्हणणार होता, बघा, बाईला जमलं नाही. हे ऐकून मी जगले नसते असं नाही, पण ते खोटं होतं, आणि मला ते माहीत झालं होतं.

"चाचा, काढा," मी म्हणलं.

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि जॅक लावला. दुपारपर्यंत पाटे निघाले, नवं बेअरिंग बसलं, शाफ्ट पुन्हा खुणा जुळवून जोडला. मी हायवेला लागले. पन्नास. साठ. पासष्ट. पाण्याची बाटली सीटवर होती, तिच्यातलं पाणी हललं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला इंजिनाचा सरळ आवाज ऐकू आला. मला रडू फुटलं. चौफुल्यापर्यंत रडत गेले आणि साठच्या खाली आले नाही.

घरी येऊन काढलेले पाटे आबांसमोर ओट्याखाली ठेवले. त्यांनी बघितले. फक्त म्हणाले, "रविवारी गिऱ्हाईक येतंय."

रविवारी सकाळी ते दौंडकडचं गिऱ्हाईक आलं. गाडी चालवून बघायला न्हावऱ्याच्या रस्त्यानं निघालं, आबा शेजारी बसून गेले. मी चुलीपाशी. चहा दोनदा उकळून गेला. वाटलं, मी केलं ते शहाणपणाचं केलं का? थरथरती गाडी कुणी घेतली नसती. मी मूर्खासारखी ती विकण्याजोगी करून ठेवली.

दोघं परत आले. मी चहा घेऊन गेले. गिऱ्हाईक खुशीत होतं. "गाडी लई मऊ हाय, आबा. कोण चालवतं?"

"पोरगं," आबा म्हणाले.

मी हातातला कप खाली ठेवला. "मी चालवते," मी म्हणलं. "वर्ष होत आलं."

गिऱ्हाईक माझ्याकडं बघून हसलं, मग आबांकडं वळलं. "मग जरा भावाचं बघावं लागंल. बाईनं चालवल्याली गाडी म्हंजी आतनं खिळखिळी झाल्याली आसती."

हे वाक्य आबांनी स्वतः किती वेळा म्हणलं होतं! मी त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी बशीत चहा ओतला होता, तो तोंडाशी न नेताच त्यांनी खाली ठेवला.

"आत्ता तू चालवलीस, ती खिळखिळी हाय?"

"तसं न्हाई, पर..."

"पर काय? मी तुझ्या शेजारी बसलो व्हतो. साठला काटा व्हता. हालली का?"

"न्हाई हालली."

"हालत व्हती. मी पाटे टाकून बिघडावली व्हती." आबांचा आवाज चढला. "हिनं नीट केली. माझा शब्द मोडून केली. चहा पी आन् जा. गाडी इकायची न्हाई."

गिऱ्हाईक गेलं. आबा तिथंच बसून राहिले, माझ्याकडं न बघता. इतक्या दिवसांची माझी उत्तरं जिभेवर तयार होती, एकेक धार लावून ठेवलेलं. ती तशीच ठेवून मी कपबशा उचलायला लागले. मी आत वळले तसं त्यांनी विचारलं, "उद्या मला यवतला जायचंय. किती वाजता निघती तू?"

"सहाला. उशीर झाला तर थांबणार न्हाई."

मी पावणेसहाला अंगणात आले, तर आबा आधीच पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले होते.